एरिक्सन यांची नोकरी का वाचली?

२००४ च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक स्वेन-गोरान एरिक्सन आणि तिथल्या फुटबॉलचा कारभार पाहणाऱ्या फुटबॉल असोसिएशन या संघटनेतील एक महिला स्वीय सचिव यांच्या संबंधांची बातमी फुटली, तेव्हा संघटनेने आधी ती ठामपणे नाकारली आणि नंतर हा नकार तिला मागे घ्यावा लागला. त्याच महिलेशी संघटनेचे मुख्य कार्यकारी मार्क पॅलिओस यांचेही संबंध होते; त्यांचे नाव झाकले जावे म्हणून संघटनेच्या प्रसिद्धिप्रमुखाने एरिक्सन यांचा तपशील एका वृत्तपत्राला देऊ केला, ही गोष्ट मला आजही अत्यंत घृणास्पद वाटते. पॅलिओस आणि प्रसिद्धिप्रमुख दोघांनाही पद सोडावे लागले, एरिक्सन मात्र ऑगस्टमधील चौकशीतून निर्दोष सुटले.

मला हा निर्णय योग्य वाटतो, कारण प्रौढ व्यक्तींचे खासगी संबंध हा बडतर्फीचा आधार होऊ शकत नाही. अर्थात, त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांचा करार २००८ पर्यंत वाढवलेला असल्याने त्यांना काढणे संघटनेला फार महागात पडले असते, हेही खरेच. पुढे जानेवारी २००६ मध्ये शेखाचे सोंग घेतलेल्या पत्रकारापुढे ते नको ते बोलून बसले आणि त्यानंतर काही दिवसांतच, विश्वचषक संपताच ते पद सोडतील, असे जाहीर झाले.