‘रिकामा भाता’ : दुसरा अंक उभा राहिला, चोराला मात्र हाकलावं लागलं

‘रिकामा भाता’ या अण्वस्त्र-चोरीवरच्या कादंबरीचं मागच्या नोंदीत रुतलेलं गाडं अखेर हललं. प्रकरण सात ते बारा आता सलग वाचता येतात आणि चोरलेल्या बॉम्बच्या लॉकचा प्रश्न मिटला. लॉक उघडलं म्हणून नव्हे, तर ते उघडण्याची गरजच कथानकातून गेली म्हणून.

या प्रकारात हात घातलेल्या प्रत्येकाला ही जागा ठाऊक आहे. पहिल्या अंकात अण्वस्त्र चोरणं सोपं असतं. दुसऱ्या अंकात त्याचं करायचं काय, तिथे घोडं पेंड खातं. जून 1962 मध्ये केनेडींनी नाटोसाठी युरोपात ठेवलेल्या अमेरिकी अण्वस्त्रांवर पर्मिसिव्ह ॲक्शन लिंक, म्हणजे कोडशिवाय शस्त्र वापरता येऊ नये यासाठीचं कुलूप, बसवायचा आदेश दिला. सुरुवातीला ती आकड्यांची यांत्रिक कुलपं होती. पुढच्या पिढ्यांमध्ये आधी सहा आकडी, मग बारा आकडी कोड आले आणि ठरावीक वेळा कोड चुकला की पुढचे प्रयत्न बंद. आपलं कथानक 1990 नंतरचं. म्हणजे चोराच्या हाती आलेला बी61 हा अमेरिकी अणुबॉम्ब ही साडेतीन मीटर लांबीची, सव्वातीनशे किलोच्या आसपास वजनाची एक वस्तू. ती हलवायला ट्रॉली लागते, लपवायला ट्रक लागतो आणि वापरता तर येतच नाही. वाचकाने घाबरायचं कशाला?

यावर चार उपाय मसुद्यात लावून पाहिले आणि चारही कुठे गळतात ते आता स्पष्ट दिसतंय.

पहिला उपाय म्हणजे काळ मागे नेणं. 1962 च्या आधी गेलं की कुलपाची अडचण संपते. ब्रिटिश हवाई दलाचा डब्ल्यूई177 बॉम्ब घेतला तर 1998 पर्यंत येता येतं, कारण तो सायकलच्या कुलपाला असते तसल्या किल्लीने सज्ज व्हायचा, हे 2007 मध्ये उघड झालं. तपशील फर्मास आहे, पण काळ बदलला की आपली सगळी नोंदवही-यंत्रणा, संगणकीय साठा, बारकोड हातचे जातात, आणि तेच तर या कादंबरीचं बळ आहे. दुसरा उपाय फितूर अधिकारी. अण्वस्त्रापाशी एकट्याला जाऊ न देणाऱ्या दोन माणसांच्या नियमामुळे फितूरही दोन लागतात, शिवाय कोड तिसऱ्याच ठिकाणी. तीन योगायोग एका प्रकरणात वाचक गिळत नाही. तिसरा, बॉम्ब फोडून आतला माल काढणं. इथे कथेची गतीच मरते: तज्ज्ञ हवेत, कार्यशाळा हवी, महिने हवेत, आणि बहात्तर तासांचं घड्याळ फेकून द्यावं लागतं.

चौथा उपाय सगळ्यात लोकप्रिय आणि माझ्या मते सगळ्यात कमजोर: जुना, कुठेतरी पुरलेला किंवा बुडालेला बॉम्ब तीस वर्षांनी सापडतो आणि जसाच्या तसा चालतो. आधुनिक शस्त्रांत ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, असतं आणि त्याचं अर्धायुष्य 12.3 वर्षं. तीस वर्षांत पाचव्या हिश्श्याहून कमी उरतं. प्लुटोनियम-239 चं अर्धायुष्य 24 हजार वर्षं असल्यामुळे लेखक बिनधास्त होतात, पण शस्त्र म्हणजे फक्त प्लुटोनियम नव्हे. बॅटऱ्या, स्फोटकं, रबरी सील, जोडण्या या सगळ्यांचं वय होतं. देखभाल नसलेलं अण्वस्त्र हा विषारी भंगाराचा साठा आहे. त्यावर चांगली कादंबरी होऊ शकेल, पण ती वेगळी.

वाट सापडली ती मायनॉटच्या घटनाक्रमात. प्रकरण सगळ्यांना माहीत आहे, तरी वेळा नीट मांडून पाहा. 29 ऑगस्ट 2007 ची सकाळ, नॉर्थ डकोटातला मायनॉट तळ. निवृत्त करायची बारा क्रूझ क्षेपणास्त्रं लुइझियानातल्या बार्क्सडेलला पाठवायची होती, विमानाच्या पंखाखालच्या दोन पायलॉनवर (टांगण्यांवर) सहा-सहा, आत नकली वॉरहेड (अण्वस्त्राचा स्फोटक भाग) बसवून. एका पायलॉनवरची सहाही खरी निघाली. ती बी-52 बॉम्बफेकी विमानाच्या पंखाखाली रात्रभर राहिली, खास पहाऱ्याविना. 30 तारखेला सकाळी विमान उडालं, दुपारच्या आधी उतरलं आणि बार्क्सडेलच्या धावपट्टीलगत आणखी नऊ तास उभं राहिलं. रात्री साडेआठच्या सुमारास तिथल्या शस्त्रपथकाच्या लक्षात आलं. छत्तीस तास सहा अण्वस्त्रं बेपत्ता होती आणि ती बेपत्ता आहेत हे कुणालाच माहीत नव्हतं.

यात चोर कुठेच नाही. ज्या क्षेपणास्त्रात काय आहे ते पाहायचं, त्यावर टपाल तिकिटाएवढी काचेची खिडकी असते. टॉर्च मारायचा, आत डोकावायचं, खरं की नकली ते ठरवायचं. उड्डाणाआधी तपासणीला आलेल्या नॅव्हिगेटरने पाहिलं ते फक्त उजव्या बाजूच्या पायलॉनवर, आणि तिथे नियमाप्रमाणे नकलीच होती. त्याच्या आधीच्या प्रत्येकाने आपल्या मागच्याने पाहिलंच असेल असं धरलं होतं. प्रकरण नऊ आता या खिडकीपाशी घडतं. सार्जंट टॉर्च काढते, पहिल्या क्षेपणास्त्राची काच पुसते, आत पाहते, यादीवर खूण करते. मग तिला हाक येते. पुढच्या पाच खुणा ती परत आल्यावर करते, टॉर्च खिशातच. वाचकाला कळतं, तिला कळत नाही. चारशे शब्दांचा हा प्रसंग आधीच्या मसुद्यातल्या दोन्ही गोळीबारांपेक्षा जास्त ताण देतो.

मुख्य बदल हा: प्रश्न ‘बॉम्ब फुटेल का’ हा नाही, ‘बॉम्ब गेलाय का’ हा आहे. खंडणीखोराकडे फक्त एक फोटो आणि एक अनुक्रमांक. वहीप्रमाणे तो क्रमांक कोठारात आहे. कोठार उघडून मोजायचं तर आपला आपल्याच वहीवर विश्वास नाही हे वरिष्ठांना कबूल करावं लागतं. न मोजावं तर घड्याळ चालूच. लॉक शाबूत राहिलं तरी चालतं, कारण धमकी स्फोटाची नाहीच, ती नाचक्कीची आहे. तेवढी पुरते, याला इतिहास साक्षी आहे: जून 2008 मध्ये अमेरिकी हवाई दलाचे सचिव आणि प्रमुख दोघेही पायउतार झाले, बॉम्ब न फुटता.

हे लिहितानाच आणखी एक गोष्ट जुळतेय. त्या राजीनाम्यांमागे दुसरं प्रकरणही होतं. तैवानने अमेरिकेकडून हेलिकॉप्टरच्या बॅटऱ्या मागवल्या आणि 2006 मध्ये त्यांना मिनिटमन या अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्राच्या नाकाकडचे चार भाग पोचले. उलगडा झाला मार्च 2008 मध्ये. यात अणुसामग्री नव्हती, पण आपल्याला हवी ती यंत्रणा यात आयती आहे: चुकीच्या लेबलाचं खोकं, बरोबर पावती. म्हणजे खंडणीखोराने काही चोरलेलंच नसू दे. त्याच्याकडे वस्तू सरकारी पावतीनिशी आली असू दे. मग प्रकरण पाचमधला ट्रकवरचा हल्ला पूर्ण काढता येतो. काढतोच. प्रकरण पाच आता गोदामातल्या माल-उतरणीचं होईल.

दोन-तीन छोट्या गोष्टी मार्गी लागल्या. ‘ब्रोकन ॲरो’ हा अमेरिकी लष्कराचा संकेतशब्द मसुद्यातून हद्दपार केला. तो अपघाताला वापरतात. चोरी किंवा गहाळ होण्याला ‘एम्प्टी क्विव्हर’, आणि मायनॉट होतं ‘बेंट स्पिअर’, म्हणजे अपघाताहून कमी गंभीर घटना. जाणकार वाचक पहिल्याच संवादात इथे पुस्तक मिटतो. हेलिकॉप्टरमधून शहरभर फिरून बॉम्ब हुडकणारा डिटेक्टरही गेला. 1989 मध्ये काळ्या समुद्रात सोव्हिएत युद्धनौकेवरच्या खऱ्या वॉरहेडवर चाचणी झाली, तेव्हा हेलिकॉप्टरवरच्या न्यूट्रॉन डिटेक्टरचा पल्ला शंभर मीटरच्या आतच भरला. म्हणून आपलं शोधपथक रस्त्यारस्त्याने फिरतं, हळू, आणि दवाखान्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या रुग्णाच्या अंगातल्या किरणोत्सारी आयसोटोपवर दोनदा फसतं.

साधनांबद्दल. घटनाक्रमासाठी कादंबरी-लेखनाच्या सॉफ्टवेअरमधले कॉर्कबोर्ड (प्रसंगांच्या चिठ्ठ्या टाचायचे फलक) दिसायला छान, पण कोणाला कधी काय कळलं हे त्यात धरता येत नाही. साधी स्प्रेडशीट घ्या: एक ओळ म्हणजे एक तास, एक स्तंभ म्हणजे एक पात्र, चौकोनात फक्त त्या तासाला त्याला खरं वाटणारी गोष्ट. खरी परिस्थिती वेगळ्या स्तंभात, लाल रंगात. दोन स्तंभांत फरक पडला की तिथे प्रसंग आहे. न्यूकमॅप, म्हणजे अणुस्फोटाचा पल्ला नकाशावर दाखवणारं संकेतस्थळ, सध्या बंद ठेवा. नकाशावर वर्तुळं काढत बसलं की स्फोट लिहायचा मोह होतो. गोपनीयता उठवलेले जुने अहवाल स्कॅनवरूनच वाचा, त्यावर चालवलेल्या ओसीआरवर (चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवर) भिस्त ठेवू नका. काळी पट्टी फासलेल्या ओळींभोवतीचे आकडे तो हमखास बिघडवतो.

तिसऱ्या अंकासाठी पालोमारेसचा आराखडा घेतोय. 17 जानेवारी 1966 ला स्पेनमधल्या या गावावर आकाशात दोन अमेरिकी विमानं एकमेकांवर आदळली, त्यातल्या एकावरच्या चारपैकी तीन अणुबॉम्ब जमिनीवर मिळाले, चौथा समुद्रात. पडताना पाहणाऱ्या मच्छीमाराने जागा दाखवली होती. 15 मार्चला तो सापडला, 24 ला उचलताना निसटून पुन्हा हरवला, 2 एप्रिलला परत सापडला आणि 7 एप्रिलला वर आला, तोही उचलणारं यंत्र पॅराशूटमध्ये गुरफटलेलं असताना. सापडून पुन्हा हरवणं हे वळण कल्पनेतून लिहिलं असतं तर संपादकाने खोडलं असतं. आपल्याकडे ते कोरड्या जमिनीवर घडवायचंय: खोकं सापडतं, अनुक्रमांक जुळतो, आणि काचेतून टॉर्च मारल्यावर आत नकली निघतं. मग खरं अजूनही कोठारात आहे की तिसऱ्याच पत्त्यावर, इथून प्रकरण तेरा सुरू. त्यासाठी पावत्यांची साखळी प्रकरण दोनपासून पेरावी लागेल, निदान पाच सह्या, प्रत्येक वेगळ्या हाताची. आधी ते काम, मग गोदामाचं प्रकरण.