दोन म्हातारे, एक मांडू: विनोदी कादंबरी कशी रचावी

प्रेम, म्हातारपण आणि प्रवास या तिन्हींवर विनोदी कादंबरी लिहायला घेतली की बरेच जण एकाच खड्ड्यात पडतात. कवळी, गुडघे, विसरभोळेपणा. दहा पानं हसू येतं, अकराव्या पानावर वाचकाला स्वतःची आई आठवते आणि हसू आटतं. शरीर थकण्यात विनोद नाहीच. विनोद आहे तो थकलेल्या शरीराचं वेळापत्रक आणि बसचं वेळापत्रक यांच्या झटापटीत. तेव्हा कथानक नंतर, आधी वेळापत्रक लिहा.

इंदूरचंच घेऊ. आबासाहेब एकाहत्तरचे, विधुर, बँकेतून निवृत्त. माई सदुसष्टच्या, सुदामानगरात गाण्याच्या शिकवण्या घेणाऱ्या, यजमान पोस्टात होते. दोघांना एकत्र बाहेर पडायला निमित्त हवं, आणि ते जितकं फुसकं तितकं चांगलं. मंडळाची मांडू-महेश्वर-ओंकारेश्वर अशी पावसाळी सहल पुरते. मांडू हे डोंगरावरचं किल्ल्याचं गाव इंदूरपासून शंभरेक किलोमीटर, ओंकारेश्वर त्याहून जवळ. युरोप नको. घर जवळ असलं की परतायची सोय रोज असते, आणि न परतणं हा रोज नव्याने घ्यायचा निर्णय होतो.

साठ हजार शब्द धरा, बारा प्रकरणं. दोन निघण्याआधी, सहा प्रवासात, चार परतल्यावर. लेखक प्रवास ताणतात आणि परतीला आठ पानं देतात. खरी पंचाईत तर परतल्यावर, इंदूरच्या छप्पन दुकान या खाऊगल्लीत पोह्यांवर जीरावण मसाला भुरभुरताना सूनबाईंची मैत्रीण समोर आली की सुरू होते.

आता गोळी. आबासाहेब सकाळी पाण्याची गोळी घेतात, म्हणजे अंगातलं जादा पाणी लघवीवाटे काढणारी. ती तासाभरात कामाला लागते आणि साधारण सहा तास पुरते. बस सातची, म्हणून ते गोळी टाळतात. डॉक्टरांना न विचारता असं करणारे बसमध्ये आणखी चार निघतील. तीन तास पाय लोंबकळत राहतात, मांडूला उतरताना पावलं चपलेत शिरत नाहीत. मग संध्याकाळी गोळी घेतात आणि धर्मशाळेतली रात्र येरझाऱ्यांत जाते. या येरझाऱ्या कोणाच्या खोलीच्या दिशेने होत्या, याबद्दल सकाळी चहाच्या वेळी मंडळात दोन मतं. एका गोळीवर दीड प्रकरण निघतं आणि एकही कोटी करावी लागत नाही.

बहिरेपणाच्या बाबतीत तर सर्रास चुकीचं लिहिलं जातं. वयोमानाने कमी होणारं ऐकू येणं आधी उंच ध्वनी नेतं. स, श, फ, थ असली व्यंजनं गळतात, स्वर शाबूत राहतात. त्यामुळे ‘साठ’चं ‘आठ’ होणं पटतं. ‘साठ’चं ‘भोपळा’ झालं की ते गणेशोत्सवातलं नाटक.

“माई, काय म्हणाला तो?”
“गरम पाण्याचे साठ रुपये वेगळे म्हणून राहिलाय.”
“आठ? मग दोन बादल्या सांगा.”

ओरडून उपयोग नसतो. ओरडल्याने स्वर मोठे होतात, गळालेली व्यंजनं परत येत नाहीत. समोर यावं लागतं, ओठ दिसतील इतक्या जवळ, आणि सावकाश बोलावं लागतं. म्हणजे प्रेमप्रसंगासाठी लेखकाला चांदणं वगैरे जमवायला नको. (‘म्हणून राहिलाय’ ही इंदुरी धाटणी ठेवा, पण वाक्यावाक्यात पेरू नका.)

चष्म्याचंही तेच. प्रोग्रेसिव्ह भिंगाचा खालचा भाग वाचनासाठी असतो, त्यातून पायऱ्या धूसर दिसतात. चढताना फारसं अडत नाही, उतरताना अंदाज चुकतो. म्हणून हात धरण्याचा प्रसंग मांडूच्या कड्यावरचा रूपमती मंडप चढताना घालू नका, उतरताना घाला. वर मात्र चांगला घोळ तयारच आहे. मांडू पावसात सर्वांत देखणं, आणि पावसातच तिथून नर्मदा दिसत नाही. हवा स्वच्छ असेल तर निमाडच्या मैदानापलीकडे ती रुपेरी रेघेसारखी दिसते, श्रावणात समोर नुसतं धुकं. गाइड त्या धुक्याकडे बोट दाखवून राणी रूपमती रोज नर्मदेचं दर्शन कसं घ्यायची ते सांगतो. पुढे 1561, अकबराच्या फौजेपुढे तिच्या प्रियकराचा, माळव्याच्या सुलतान बाजबहादूरचा पराभव, तो पळाला, रूपमतीने विष घेतलं. सगळे हळहळतात. माई विचारतात, “पळताना तिला नाही घेऊन गेला?” हा प्रश्न गाइडला आहे, पण ऐकणारे आबासाहेब आहेत, आणि त्यांच्या मुलाचे फोन सकाळपासून येत आहेत. हा धागा शेवटपर्यंत ओढता येतो.

महेश्वरात साडी घ्या. तिथल्या पारंपरिक साडीचा बुगडी काठ दोन्ही बाजूंनी नेसता येतो, याचा उपयोग कसा करायचा तो तुम्ही बघा. ओंकारेश्वरला बेटाभोवती साताठ किलोमीटरची परिक्रमा. ती दोघांनाही झेपत नाही. हे आधी कोण कबूल करतं, एवढंच ते प्रकरण.

कच्चा खर्डा झाला की एक चाचणी करा: मांडू आणि महेश्वर यांची अदलाबदल करून पाहा. काहीच मोडलं नाही तर ती कादंबरी नाही, सहलीचा अहवाल आहे. प्रत्येक मुक्कामावर काहीतरी कायमचं बदललं पाहिजे. चप्पल सुटली, खोटं उघडं पडलं, हाक ‘माई’वरून नावावर आली.

परतीच्या प्रकरणांत मुलांचा विरोध हा सर्वांत आळशी अडथळा. सरकारी नियम जास्त कामाचे. रेल्वेचा लोअर बर्थ कोटा तिकिटावर एकटा किंवा दोघंच ज्येष्ठ असतील तेव्हाच लागू होतो. मुंबईला जाताना लोकलाजेस्तव भाचा त्याच तिकिटावर घेतला की कोटा गेला, आणि अवंतिका एक्सप्रेसमध्ये माई वरच्या बर्थकडे बघत उभ्या. त्याहून पक्का नियम निवृत्तिवेतनाचा: केंद्राच्या नियमांत मुलंबाळं असलेल्या विधवेने पुनर्विवाह केला की तिचं कुटुंब निवृत्तिवेतन थांबतं. इथे खलनायक कोणी नाही, आकडा आहे. दोघं बँकेतली हिशोबी माणसं असल्यासारखी कागदावर बेरीज करतात, आणि ती प्रत्येक वेळी वेगळी येते.

म्हणून सहल श्रावणात ठेवा आणि शेवट नोव्हेंबरात, हयातीचा दाखला देताना. काउंटरवरचा मुलगा मोठ्याने विचारतो, पुनर्विवाह केलाय का? माईंना लगेच उत्तर देऊ देऊ नका. आधी त्यांनी पेन मागावं, मग चष्मा, मग फॉर्म उलटून पाहावा. मागे उभ्या आबासाहेबांना प्रश्न नीट ऐकू गेलेला नाही. अशा वेळी ते नेहमी करतात तेच त्यांनी करावं, मान डोलावून खुशाल “हो, हो” म्हणावं.