पांझरेच्या काठचे आबा

गेल्या महिन्यात आबा गेले. धुळे जिल्ह्यात मुडावदला पांझरा तापीला मिळते, त्या संगमावर त्यांची सगळी हयात गेली. जातीने भोई, शाळा जेमतेम दुसरीपर्यंत. पण नदीतलं मला जे काही कळतं, ते सगळं त्यांनीच शिकवलंय.

आषाढात पांझरेला पहिला गढूळ पूर आला की जो तो जाळं घेऊन काठावर धावतो. अंड्यांनी जड झालेली मासळी तेव्हा प्रवाहाच्या उलट वर चढते आणि उथळ पाण्यात सहज हाती लागते. नेमकं तेव्हाच आबा जाळं खुंटीला टांगायचे. हातावर पोट असलेल्या माणसाने ऐन हंगामात घरी बसायचं! त्या दिवसांत त्यांची बायको, आमच्या काकू, लोकांच्या शेतात कपाशी निंदायला जायच्या. त्यांचंही नाव इथे घ्यायला हवं, आबांएवढंच. कुणी टोकलं तर आबा म्हणायचे, "तिना पोटमा अंडा शेतस भाऊ. आज तिले धरी ली तं पुढला सालले काय धरशी?"

रोहू, मृगळ तुंबलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना वाहतं पाणी लागतं. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरींनी कटकला पिट्युटरी या मेंदूजवळच्या ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या माशांचं प्रजनन घडवून आणलं, म्हणून तळ्यांना मत्स्यबीज, म्हणजे सोडायला पिल्लं, मिळू लागलं. १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन त्याचाच. मी हे कौतुकाने सांगितलं. आबांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "पन नदीमधला वामले, मरळले सुई कोन देई?" आता खाली तापीवर सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा असे बॅरेज, म्हणजे दारांचे बंधारे, झालेत, वाहतं पाणी आणखी कमी उरलंय. त्यांचा हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

त्यांचं जाळं चार बोटांचं. नव्या पोराने जाळं आणलं की त्याचीच बोटं ते जाळ्याच्या एका घरात घालून बघायला लावायचे. चार शिरली नाहीत तर डोंग्यात जागा नाही. मच्छरदाणीच्या कापडाने बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, ओढणारे आणि डोहात सुरुंगाचे गोटे फोडणारे यांच्याशी मात्र त्यांचं उभं वैर होतं. एकदा मारही खाल्ला.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की वाळूच्या बेटांवर नदी सुरय नावाचं पाखरू अंडी घालतं. घरटं कसलं, वाळूत नुसता खळगा. अंडी वाळूच्याच रंगाची, वर तपकिरी ठिपके. पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. कुत्री येऊ नयेत म्हणून आबा भोवती बाभळीचे काटे रोवायचे. वाळूचे ट्रॅक्टर उतरले की आडवे उभे राहायचे. माशावर जगणाऱ्या पाखराला मासेमाराने का जपावं, असं मी विचारलं, तर म्हणाले, नदीवर तिचाही हक्क आहे.

यंदा मार्चमध्ये काटे रोवायला त्यांचा नातू आणि आम्ही काही जण जाणार आहोत. शिंदखेडा, शिरपूर, बेटावदकडचं कुणी येणार असेल तर जरूर या. जाड तळव्याची चप्पल घाला, आणि वाळूत चालताना नजर खाली ठेवा.