अंबादेवीच्या आजूबाजूच्या कपारी
आज भाच्याले घेऊन धारूळले गेलो. मोर्शीच्या वर सातपुड्यात बॉर्डर ओलांडली का मध्य प्रदेशातला बैतूल जिल्हा लागते, तिथं अंबादेवीची गुफा आहे. आपल्याकडचे लोक दर्शनाले जातात, नारळ फोडतात अन् वापस येतात, पण बाप्पा, आजूबाजूच्या कपारींत आदिमानवाची चित्रं आहेत हे किती जणांले माहीत! २००७ मध्ये अमरावतीचे डॉ. विजय इंगोले अन् त्यांच्या सोबत्यांनी ती उजेडात आणली. भोपाळजवळचं भीमबेटका, तिथंही अशीच आदिमानवाची चित्रं आहेत, ते पुरातत्त्वज्ञ वाकणकरांले १९५७ मध्ये सापडलं, अन् हे आपल्या उशाशी असून त्याच्यानंतर पन्नास वर्षं तसंच पडून होतं, काय म्हणावं आता!

एका कपारीत गेरूच्या रंगातलं जनावर आहे, अगदी जवळून पाहिलं, पाठीची रेघ एका झटक्यात ओढलेली अन् पोटाजवळ रंग खडबडीत दगडात जिरलेला, हात लय सफाईदार होता गड्याचा. भाचा म्हणे, मामा, यायनं रंग कुठून आनला असन? म्हटलं, बावा, लोखंडाचा अंश असलेली लाल माती, घासायची अन् भिजवायची, झाला रंग. वरून दगडाचं छप्पर पुढं आलेलं, ऊन-पाणी थेट लागत नाही म्हणून टिकला.

अन् बाजूलेच कोण्या महाभागानं ऑइलपेंटनं बदाम काढून आपलं अन् पोरीचं नाव लिहून ठेवलं, डोकं सणकलं.

जायचं असन तर थंडीत जा, पाणी सोबत न्या, अन् फोटोत चित्र उठून दिसावं म्हणून त्याच्यावर पाणी मारू नका, रंग खराब होते.