निखाऱ्यावरचे बांगडे

"अगो बाय, बस की जरा आमच्यात!" आत्या म्हणाली, तेव्हा माझ्या हातात तिसऱ्या चटणीची वाटी होती.

काल म्हापशाच्या घरी अंगणात शेगडी पेटवली. मी सकाळपासून सहा पदार्थांच्या मागे. संपलं काय? रेशाद म्हणजे लाल, आंबट-तिखट मसाल्याचे बांगडे, पोयो (आमचे गोव्याचे पाव) आणि चिरलेला कांदा. बाकीची भांडी झाकलेलीच.

निखाऱ्यांवर पांढरी राख धरेपर्यंत अर्धा तास जातोच. काका करवंट्या सरकवत होते, मुलं त्यांना चिकटून, गप्पा रंगलेल्या. तो सगळा वेळ मी स्वयंपाकघरात.

आज फोटो पाहिले. प्रत्येक फोटोत आत्याच्या शेजारची खुर्ची रिकामी आहे. माझ्यासाठी धरून ठेवलेली.

पुढच्या रविवारी फक्त बांगडे आणि पोयो. आत्याला आत्ताच फोन करून सांगितलं.