मॉडेल विमान चांगलं की वाईट हे कळतं कसं? तुम्ही विचारलंत म्हणून

घरी कोणी आलं आणि कपाटाकडं नजर गेली की, नाहीतर मी स्टेटसला एखादा फोटो टाकला की, प्रश्न ठरलेला असतो. एवढ्याशा विमानाला चार-पाच हजार? आणि त्यातलं चांगलं कुठलं, वाईट कुठलं हे तुम्ही ओळखता कसं? परवा मिरजेच्या एका दादांनी तर दोन फोटोच पाठवले, दोन्ही इंडिगोचे ए-३२० नियो (म्हणजे एअरबसच्या ए-३२० ची नव्या इंजिनांची आवृत्ती), दोन्ही १:४०० स्केलचे, म्हणजे खऱ्याच्या चारशेव्या भागाएवढे, एक दुसऱ्यापेक्षा दीड हजारानं महाग, आणि खाली एवढंच लिहिलेलं, "कुठलं घेऊ?" तुकड्या-तुकड्यात उत्तर देण्यापेक्षा म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू, पुढं कोणी विचारलं तर हेच पाठवता येईल.

मी कुपवाड एमआयडीसीत एका डायकास्टिंगच्या, म्हणजे साच्यात धातू ओतून पार्ट बनवायच्या, युनिटला क्वालिटीत आहे. दिवसभर हातात कास्टिंग, बारीक माप घ्यायचं व्हर्नियर आणि समोर ड्रॉइंग. आमच्याकडं पार्ट कितीही गुळगुळीत दिसू दे, चकचकीत असू दे, ड्रॉइंगला जुळला नाही तर तो रिजेक्ट, विषय संपला. मॉडेलच्या बाबतीत लोक नेमकं उलटं करतात, ते नुसतं मॉडेल बघतात आणि ड्रॉइंग बघतच नाहीत. मॉडेलचं ड्रॉइंग म्हणजे काय, तर त्या नंबरचं खरं विमान. शेपटीजवळ व्हीटी करून जे रजिस्ट्रेशन छापलेलं असतं ना, ते वाचायचं, त्याच खऱ्या विमानाचे फोटो शोधून काढायचे, आणि मग मॉडेल हातात घ्यायचं. "एअर इंडियाचं विमान" असं काही नसतंच ओ, असतं ते एअर इंडियाचं अमुक नंबरचं, अमुक सालातलं विमान. मॉडेल त्याच्याशी जुळतं का एवढाच खरा प्रश्न आहे, बाकी सगळं नंतर.

आता हे इतकं महत्त्वाचं का, ते एका विमानावरून सांगतो, कारण ते माझं सगळ्यात लाडकं आहे. इंडियन एअरलाइन्सनं १९८९ पासून ए-३२० घ्यायला सुरुवात केली. जगभरातल्या ए-३२० ला मागच्या प्रत्येक पायाला दोन चाकं असतात, पण इंडियन एअरलाइन्सनं एअरबसकडून मुद्दाम चार-चार चाकांची बोगी बसवून घेतली, म्हणजे वजन जास्त चाकांवर विभागलं जावं आणि आपल्याकडच्या कमी ताकदीच्या धावपट्ट्यांवरही विमान उतरावं. असे पाय दुसऱ्या कुठल्याच कंपनीनं नवीन विमानावर मागवले नाहीत. नंतर नाव नुसतं 'इंडियन' झालं, मग एअर इंडियात विलीन झाली, रंग बदलले, पण त्या जुन्या विमानांचे पाय तेच राहिले. त्यामुळं त्या काळातलं व्हीटी-ईपी मालिकेतलं विमान कुणी मॉडेल म्हणून आणलं आणि खाली दोन-दोन चाकं असली, तर वरचं नारंगी काम कितीही देखणं असू दे, ते ते विमान नाहीच. कंपन्या असं का करतात? कारण मोल्ड महाग असतो. ए-३२० चा एक मोल्ड बनवायचा आणि त्यावर वीस एअरलाइन्सचे रंग मारायचे, असा सगळा धंदा आहे. एकाच एअरलाइनसाठी वेगळे पाय ओतायला फार कमी जण तयार होतात, आणि जे होतात त्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं.

तसंच इंजिनांचं. जुन्या ए-३२० ला दोन प्रकारची इंजिनं यायची, सीएफएम५६ आणि व्ही२५००. सीएफएमला मागं दोन टप्पे दिसतात, बाहेरचं कव्हर अलीकडंच संपतं आणि आतला गाभा पुढं निघालेला असतो. व्ही२५०० चं कव्हर शेवटपर्यंत एकसंध, लांबट. इंडियन एअरलाइन्सच्या त्या विमानांना व्ही२५०० होती. लांबून बघितलं तरी कळतं, त्यासाठी भिंग लागत नाही. नियोमध्ये मात्र बारकाईनं बघावं लागतं. इंडिगोची सुरुवातीची नियो प्रॅट अँड व्हिटनीची आहेत, पुढं त्यांनी सीएफएमची लीप इंजिनं घेतली, म्हणजे एकाच कंपनीत, एकाच रंगात, दोन वेगळी विमानं. प्रॅटच्या पंख्याला २० पाती, लीपला १८. प्रॅटचा पंखा ८१ इंची, लीपचा ७८, आणि जुन्या सीएफएमचा जेमतेम ६८. १:४०० ला हेच ८१ इंच म्हणजे ५.१ मिलिमीटर आणि ६८ इंच म्हणजे ४.३. जुन्या इंजिनाचा साचा नियोच्या नावावर खपवला असेल तर व्हर्नियरला हा फरक सहज पकडता येतो. पंखाचंही तसंच, टोकाला छोटी त्रिकोणी पट्टी असलेल्या जुन्या ए-३२० चा विस्तार ३४.१ मीटर आणि शार्कलेटवाल्याचा, म्हणजे टोक उंच वर वळलेल्याचा, ३५.८, स्केलला जवळजवळ चार मिलिमीटरचा फरक पडतो. लांबी ३७.५७ मीटर, म्हणजे मॉडेल नाकापासून शेपटीपर्यंत ९४ मिलिमीटरच्या आसपास भरलं पाहिजे.

मराठी माणसाला आवडेल असं एक सांगतो. एअर इंडियाकडं दोन ७४७-३०० होती, व्हीटी-ईपीडब्ल्यू आणि व्हीटी-ईपीएक्स, १९८८ ला आलेली, त्यातल्या ईपीडब्ल्यूचं नाव होतं 'शिवाजी'. हे मॉडेल तपासायला फार मजा येते, कारण ७४७-२०० आणि ७४७-४०० यांच्या मधलं हे विमान. वरचा मजला ४०० सारखा लांब, पण पंखाच्या टोकाला ४०० सारखं उभं विंगलेट नाही. शिवाय ते कॉम्बी, म्हणजे पुढं प्रवासी आणि मागं त्याच मजल्यावर माल, म्हणून डाव्या बाजूला पंखाच्या मागं मालाचा भलामोठा दरवाजा. तर विंगलेट नकोत, वरचा मजला लांब हवा, दरवाज्याची रेघ हवी, आणि मग खिडक्यांभोवतीच्या लाल झरोक्यांच्या कमानी. या कमानी मी भिंगाखाली बघतो. टॅम्पो प्रिंटिंग म्हणजे कोरलेल्या प्लेटवरची शाई सिलिकॉनच्या मऊ पॅडनं उचलून मॉडेलवर दाबायची. बॉडी सरळ आहे तिथं हे सोपं जातं, नाकाकडं वळण सुरू झालं की पॅड ताणलं जातं आणि तिथल्या कमानी तिरक्या होतात, खिडकी एकीकडं आणि कमान अर्ध्या मिलिमीटरनं दुसरीकडं. छपाई चांगली का वाईट हे कळायला मधला भाग बघून उपयोग नाही, पुढच्या चार-पाच खिडक्या आणि शेपटीकडच्या शेवटच्या बघायच्या.

पण छपाईपेक्षा मला मोल्ड मोठा वाटतो, आणि इथं बऱ्याच जणांशी माझं पटत नाही. रंगाची चूक एका मॉडेलपुरती असते, पुढच्या बॅचला सुधारते. नाकाचा आकार चुकला असेल तर त्या मोल्डमधून निघणारं प्रत्येक विमान, कुठल्याही एअरलाइनचं असो, चुकीचंच निघणार. म्हणून जेमिनी, फिनिक्स, एनजी, जेसी विंग्ज, हर्पा यातलं कुठलं चांगलं असं विचारू नका, एकाच कंपनीचा एक मोल्ड अप्रतिम असतो आणि दुसरा तसा नसतो. विचारायचं ते, या विमानाचा चांगला मोल्ड कुणाचा.

मोल्ड बघायची माझी पद्धत कामावरचीच. ट्यूबलाइटखाली मॉडेल आडवं धरायचं आणि हळूहळू फिरवायचं. बॉडीवर उजेडाची रेघ पडते ती नाकापासून शेपटीपर्यंत सरळ धावली पाहिजे. मध्येच वाकली, रुंदावली, तर तिथं पार्टिंग लाइन (साच्याचे दोन भाग मिळतात तिथं उमटणारी रेघ) घासताना बॉडी चपटी झालेली आहे, वरच्या रंगानं ते झाकत नाही, उलट जास्त दिसतं. मग पंख बॉडीला मिळतो ती जागा. जुन्या मोल्डमध्ये दोन्ही पंख आणि मधलं पोट असा एकच तुकडा खालून बसवायचे, त्यामुळं पंखाच्या वर बॉडीवर एक सांधा दिसायचा, कधी त्यात नख जाईल एवढा. हल्ली प्रत्येक पंख बाजूनं खाचेत बसवतात, सांधा जवळजवळ दिसत नाही. मग कॉकपिटच्या काचा. ए-३२० च्या बाजूच्या शेवटच्या काचेचा वरचा मागचा कोपरा कापलेला असतो, ७८७ ला पुढं चारच काचा, ए-३५० ला काचांभोवती काळा मुखवटा. चेहरा चुकला की माणूस ओळखू येत नाही, विमानाचंही तेच.

वजनाचं सांगायचं राहिलं. हातात घेतल्या घेतल्या सगळे म्हणतात, "वजनदार आहे, चांगलं असणार." नाही. जस्ताचं मिश्रण आहे, ते जड असणारच, आणि पंख गरजेपेक्षा जाड ओतले की अजून जड होतं. खरा पंख मागच्या कडेला पात्यासारखा निमुळता असतो. ओतकामात तेवढं पातळ जमत नाही हे मला माहीत आहे, धातू थंड पडायच्या आत साच्याच्या टोकापर्यंत पोचायला लागतो, पण जो कारखाना त्या मर्यादेच्या जवळ जातो त्याचं काम वेगळं दिसतं. मी वजनाकडं बघत नाही, मागच्या कडेकडं बघतो.

आणि खोल कोरलेल्या रेघांनी भुलू नका. पंखावर फ्लॅपच्या (पंखाच्या मागच्या कडेचे खाली उतरणारे भाग), पत्र्याच्या रेघा ठसठशीत दिसल्या की "काय डिटेलिंग आहे" असं होतं. हिशेब करा ना, ०.२ मिलिमीटर रुंद खाच १:४०० ला म्हणजे खऱ्या विमानावर आठ सेंटीमीटरची फट! एवढी फट असलेलं विमान कोण उडवेल? बारीक छापलेली करडी रेघ जास्त खरी वाटते. अँटेनाचंही तसंच, जागेवर आहेत का ते बघा, जाड असणं एका मर्यादेपर्यंत समजून घ्यायला लागतं.

फोटोवरून ठरवणाऱ्यांसाठी एक गोष्ट, कारण बरेच जण फोनचा फोटो पाठवतात आणि "नाक मोठं वाटतंय" म्हणतात. फोन मॉडेलपासून दहा सेंटीमीटरवर धरला तर ते खऱ्या विमानापासून ४० मीटरवर उभं राहण्यासारखं आहे, म्हणजे विमानाच्या लांबीएवढ्याच अंतरावर. त्या अंतरावरून खऱ्या विमानाचंही नाक मोठंच दिसेल. फोन मीटरभर लांब ठेवा आणि झूम करा, म्हणजे ४०० मीटरवरून घेतल्यासारखा फोटो येतो, आणि विमानतळाबाहेरून मोठ्या लेन्सनं काढलेल्या फोटोशी तो जुळवून बघता येतो. रंग मात्र फोटोवरून ठरवूच नका, सकाळच्या उजेडात खिडकीशी बघा.

शेवटी धातू, जो कुणी विचारत नाही आणि माझ्या पोटात त्याचीच भीती असते. हे मिश्रण म्हणजे जस्त, त्यात चार टक्क्यांच्या आसपास अॅल्युमिनियम, थोडं तांबं, नावापुरतं मॅग्नेशियम. त्यात शिसं गेलं, अगदी किंचित जरी, तर काही वर्षांनी धातू आतून कणाकणाच्या कडांनी कुजायला लागतो. रंगावर बारीक फोड येतात, केसासारख्या भेगा पडतात, पंख वाकतो, आणि एक दिवस तुकडा हातात येतो. त्याला झिंक पेस्ट (इंग्रजी pest, म्हणजे जस्ताची कीड) म्हणतात आणि त्यावर उपाय नाही. दमटपणानं ते वाढतं, आणि सांगलीच्या पावसाळ्यात, त्यातून नदीकाठच्या भागात, भिंतींना महिनोन्महिने ओल असते. जुनं मॉडेल कुणाकडून घेताना म्हणूनच पंखाच्या मुळाशी आणि पायांच्या भोकांभोवती भिंगानं बघायचं, भेग दिसली की कितीही दुर्मिळ असलं तरी सोडून द्यायचं. आणि ठेवताना बंद कपाटात सिलिका जेलच्या पुड्या, त्या दर पावसाळ्यात बदलायच्या, थेट ऊन नको.

आता मिरजेच्या दादांचं. तुम्ही पाठवलेल्यातलं महाग मॉडेल फ्लॅप उतरवलेलं आहे, पैसे त्याचे आहेत, बाकी दोन्हीचा मोल्ड सारखाच दिसतो. फ्लॅप खाली असलेलं विमान म्हणजे टेक-ऑफला निघालेलं किंवा नुकतं उतरलेलं. तुम्हाला ते विमानतळाच्या छोट्या देखाव्यात गेटला लावायचंय म्हणालात, गेटला लागलेल्या विमानाचे फ्लॅप आत असतात. स्वस्तातलं घ्या. फक्त पैसे भरायच्या आधी दुकानदाराकडून रजिस्ट्रेशनचा आणि समोरून दोन्ही पंख्यांचा स्पष्ट फोटो मागवा, पाती मोजू, आणि त्या नंबरला खरोखर तेच इंजिन आहे का ते ताडून बघू.