पाणी पडायचं थांबलं तेव्हा

डिसेंबरातली सकाळ. गाडी सुरू करून फाटक उघडायला उतरलो, तर मागच्या चाकाशी फरशीवर टपटप पाणी. एसी लावलेलाच नव्हता. वाकून पाहिलं तर थेंब सायलेन्सरच्या पोटाखालून पडत होते. दुसऱ्या दिवशी तिथे श्रीखंडाचा रिकामा डबा सरकवला आणि पाच मिनिटं गाडी चालू ठेवली. डब्याच्या तळाशी चार-पाच चमचे पाणी जमलं, त्यात काजळीचे काळे कण, वास जरासा आंबट-करपट.

मग पुण्याच्या भावोजींना फोन केला, ही माझी पहिली चूक. भावोजींना गाड्यांतलं सगळं कळतं, म्हणजे त्यांचं म्हणणं तसं आहे. "हेड गॅस्केट गेलं तुझं," त्यांनी जागेवर निकाल दिला. (हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालची पट्टी, ती पाणी सिलिंडरमध्ये आणि तेलात शिरू देत नाही.) "इंजिन उतरवावं लागणार. पंधरा-वीस हजार बाजूला काढून ठेव." वर आणखी इंजिन ऑइलचं झाकण उघडून बघायला सांगितलं. उघडलं तर झाकणाच्या आत पिवळट पांढरा फेस, कॉफीवरच्या सायीसारखा. माझ्या पोटात गोळाच आला.

आमची गाडी सीएनजीची, तेव्हा पाचव्या वर्षात. घेतली तेव्हा माझी नोकरी चिपळूणला होती, आठवड्याला जाणं-येणं व्हायचं. मग बदली होऊन रत्नागिरीतच आलो आणि गाडीचा प्रवास नाचण्यातून माळनाक्यापर्यंतचा उरला, जेमतेम अडीच किलोमीटर. संध्याकाळी तेवढाच परत. सुट्टीत गाडी हलली नाही तर बॅटरी उतरू नये म्हणून मी उभ्या उभ्या पाच मिनिटं सुरू ठेवायचो आणि आपण गाडीची किती काळजी घेतो, असं मनाशी म्हणायचो.

गॅरेज मिरजोळे एमआयडीसीच्या बाजूला. तिथल्या मिस्त्रींना सगळे दादा म्हणतात. दादांनी झाकणावरचा फेस बोटानं पुसला, मग डिपस्टिक, म्हणजे तेल बघायची पट्टी, ओढून ऑइल पाहिलं. ते तेलासारखं तेल होतं, पाणी मिसळल्यासारखं दुधाळ काही नव्हतं. मग कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, बाटलीवर त्याच्या पातळीला काळ्या मार्करनं रेघ मारली. "दहा दिवस बघा साहेब. गाडी थंड असताना, सकाळी. रेघेखाली गेलं तर या."

दहा दिवसांनी पाणी रेघेवरच. हेड गॅस्केट जाऊन पाणी सिलिंडरमध्ये शिरत असतं तर ते कुठून तरी कमी झालं असतं. झाकणाखालचा फेस हाही वाफेचाच होता. इंजिन पुरतं तापायच्या आत आपण ते बंद करतो, मग आतली वाफ थंड झाकणाला धरते आणि तेलात घुसळली जाते. पुढे एकदा हातखंब्याहून पालीपर्यंत जाऊन आलो, तर फेस आपोआप नाहीसा झाला. भावोजींना कळवलं. ते म्हणाले, "तरी लक्ष ठेव."

पण एवढं पाणी येतं कुठून, हा किडा डोक्यात राहिलाच. रात्री कागदावर बारावीची समीकरणं मांडून बसलो. इंधन जळलं की त्यातल्या हायड्रोजनचं पाणी होतं, हे शाळेत शिकलो होतो. किती होतं, हे कधी मोजलं नव्हतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभरच पाणी तयार होतं. सीएनजी त्याच्याही पुढे. तो जवळजवळ सगळा मिथेन, म्हणून १ किलो गॅसमागे सुमारे सव्वादोन किलो पाणी. (किलोचे सव्वादोन किलो झाले कसे, असं हिनं विचारलं. उरलेलं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं.) गाडी सुरू पेट्रोलवर होते आणि गरम झाली की गॅसवर जाते, तरीही माझ्या रोजच्या पाच किलोमीटरांत निदान पाव लिटर पाणी त्या नळीतून जात होतं.

लांबच्या प्रवासात हे पाणी वाफ होऊन निघून जातं, कोणाला दिसतही नाही. सायलेन्सरचा पत्रा जोवर ५०-६० अंशांच्या खाली असतो तोवर वाफ त्याच्यावर दवासारखी धरते. इंजिनाजवळचा पाइप मिनिटभरात तापतो, पण मागचा डबा सगळ्यात शेवटी, आणि अडीच किलोमीटरांत तो नीट तापतच नाही. वर हे पाणी साधंही नसतं. धुरातला कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडं त्यात विरघळतात आणि ते आंबट होतं. पेट्रोलमध्ये गंधकही असतं, ते २०२० पासून बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या सरकारी मानकाच्या) इंधनात दहा लाखात १० भागांवर आलं, त्याआधी बीएस-४ मध्ये ५० होतं. म्हणजे पूर्वीपेक्षा बरं, पण पाणी ते पाणीच.

यासाठीच सायलेन्सरच्या तळाशी दोन-तीन मिलिमीटरचं एक भोक ठेवलेलं असतं. माझे थेंब तिथूनच पडत होते. म्हणजे गाडी बिचारी आपलं काम नीट करत होती. हे मला तेव्हा कळलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं.

मे महिन्यात पावसाआधी गाडीच्या तळाला गंजरोधक कोटिंग मारून घेतलं. कुठे ते सांगत नाही. रत्नागिरीची खारी हवा, पावसात उडणारा लाल चिखल. कोटिंग हवंच असं माझं मत होतं आणि अजूनही आहे. काम सुरू असताना मी चहा प्यायला गेलो. परतलो तर सगळं तळ डांबरासारखं काळंभोर, चकचकीत. खूश झालो. पहिले दोन दिवस गाडी तापली की जळकट वास यायचा. "नवीन आहे, जाईल," असं उत्तर मिळालं, आणि वास गेलाही. शिवाय सायलेन्सरखालचं पाणीसुद्धा बंद झालं! डबा ठेवून खात्री केली. भावोजींना म्हटलं, बघा, उगाच घाबरवलं होतं.

तो हिवाळा असा गेला. सकाळी गाडी सुरू केली की मागून मधूनच गुळण्या केल्यासारखा आवाज यायचा, नळीतून पाण्याची चूळ बाहेर पडायची. मी त्याचा काही अर्थ लावला नाही.

पुढच्या जुलैत, भर पावसात, मारुती मंदिराच्या चढाला गाडी ट्रॅक्टरसारखी फडफडायला लागली. वाटेत एका वेल्डिंगवाल्याकडे नेली. तो खाली डोकावला आणि म्हणाला, "भोक पडलंय, टाका मारतो, चारशे द्या." गन घेऊन वाकलासुद्धा. तेवढ्यात माझी नजर डिकीकडे गेली, जिथे सीएनजीची टाकी आहे. त्याला सांगितलं तर म्हणाला, "काही होत नाही." मी गाडी काढली. हे धाडस म्हणावं की भित्रेपणा, माहीत नाही, पण त्या दिवशी भित्रा असणं मला बरं वाटलं.

दादांकडे नेईपर्यंत मध्ये चार दिवस गेले, कारण पाऊस थांबेना. हार्डवेअरच्या दुकानातून सायलेन्सर पेस्ट आणि पट्टी आणून पावडरच्या डब्याचा पत्रा वर बांधला. दीड दिवस टिकलं. गंजलेल्या पत्र्याला पेस्ट चिकटते ती गंजाला, आणि गंज पापुद्र्यासकट सुटतो. त्या चार दिवसांत काचा वर करून एसी लावायचं मात्र आम्ही बंद केलं. धूर आता शेपटीतून न जाता गाडीच्या पोटाखाली सुटत होता, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. एरवी पावसात काच उघडी ठेवली की मुलगी कुरकुर करते; या वेळी तिला भिजत शाळेत जावं लागलं आणि ती त्यावर खूश होती.

दादांनी गाडी रॅम्पवर चढवली. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं सायलेन्सरवर ठोकलं, तर 'टण' ऐवजी 'थद्द'. मग टोक जरा दाबलं आणि ते भाजलेल्या पापडात जावं तसं आत गेलं. "गाडीवर वेल्डिंग नाही करायचं साहेब. एक तर मागे टाकी. करायचंच तर उतरवून, बॅटरीची वायर काढून. आणि याला टाका मारून उपयोग काय? एक भोक बुजवायला गेलो की बाजूला दोन पडतील."

उतरवायला दीड तास गेला. जोडावरचे नट गंजून एकजीव झाले होते. स्प्रे मारून थांबले, तापवले, तरी एक बोल्ट मानेतून तुटलाच. रबरी हँगर साबणाचं पाणी लावून सुळकन निघाले. मग दादांनी तो काळा डबा दोन्ही हातांत धरला, कानाजवळ नेला आणि नारळ घेताना हलवून बघतो तसा हलवला.

आत पाणी डुचमळत होतं.

बादलीवर उपडा केला. चहाच्या रंगाचं पाणी, त्याबरोबर गंजाचे पापुद्रे, काळा चिखल. तांब्याभर तरी सहज होतं. दादांनी डबा उलटा धरून तळाशी नख लावलं. काळ्या कोटिंगची जाड साल निघाली आणि तिच्याखाली ते इवलंसं भोक, डांबरानं गच्च बुजलेलं. बाहेरून गंज येऊ नये म्हणून पैसे मोजून मी पाणी आत कोंडलं होतं.

"पाणी पडत होतं तोवर ठीक होतं साहेब," दादा म्हणाले. "बंद झालं तेव्हा यायचं होतं."

आता नवा कुठला घ्यायचा? बाजारातला साधा अठराशेला, कंपनीचा साडेपाच हजारांना. दादा म्हणाले, गाडी विकायची असेल तर साधा घ्या. मी कंपनीचा मागवला. तो आल्यावर मी हुशारी केली, फ्रिजवरचं लोहचुंबक खिशात घालून गेलो. स्टेनलेसला चुंबक चिकटत नाही, एवढं मला ठाऊक. चुंबक टपकन चिकटलं. फसवलं म्हणून मी आवाज चढवणार, तेवढ्यात तिथे गाडी दुरुस्तीला आणलेल्या एका इंजिनिअर मुलानं समजावलं. बऱ्याच गाड्यांच्या सायलेन्सरला ४०९ जातीचं स्टेनलेस वापरतात, त्यात क्रोमियम ११ टक्क्यांच्या आसपास. चांगल्या भांड्यांच्या ३०४ मध्ये ते १८ टक्के असतं, शिवाय निकेलही. ४०९ ला चुंबक चिकटतं आणि वरून ते तांबूसही पडतं, पण साध्या पत्र्यासारखं आरपार लवकर खात नाही. थोडक्यात, चुंबकानं काहीच कळत नाही. मी ते गुपचूप खिशात घातलं.

बसवताना गॅस्केट नवी, बोल्ट नवे. मग गाडी सुरू करून दादांनी शेपटीच्या तोंडाशी ओल्या फडक्याचा बोळा दाबून धरला आणि पोऱ्याला जोडावर कान द्यायला सांगितलं. कुठे 'सूं' आलं नाही. शेवटी मी स्वतः खाली वाकून नव्या डब्याचं भोक शोधलं आणि त्यात काडी घालून पाहिली. पोऱ्या हसला, हसू दे.

आता ऑफिसला बहुतेक वेळा स्कूटरनं जातो. गाडी रविवारी काढतो ती अर्धा-पाऊण तास सलग चालेल अशी, पावस गावाला नाहीतर हातखंब्यापलीकडे. आरे-वारेच्या समुद्रकाठच्या रस्त्यानं जायचा मोह होतो, पण तिथून आलो की गाडीचं अंग खारं झालेलं असतं म्हणून खालून गोड्या पाण्याची नळी मारावी लागते. उभ्या उभ्या गाडी सुरू ठेवणं बंद. कोटिंग या मे महिन्यातही मारलं, फक्त या वेळी चहाला गेलो नाही. सायलेन्सरला आधी गोणपाट गुंडाळायला लावलं.

जुना सायलेन्सर बरेच दिवस पडवीत पडून होता. मध्यंतरी मारुतीच्या ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला गेल्याच्या बातम्या पेपरात येत होत्या, म्हणून मला वाटलं याचेही बरे पैसे येतील. पण चोरांना हवी असते ती पुढच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधली (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागातली) प्लॅटिनम, पॅलेडियमसारखी महाग धातू; मागच्या डब्यात निव्वळ पत्रा. भंगारवाला आला, काट्याला लावण्याआधी त्यानं तो उचलला, कानाशी नेऊन हलवला आणि माझ्याकडे संशयानं बघून विचारलं, "पाणी नाय ना आत?"